‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलंय म्हणजे नेमकं काय? पिशव्या, कप, पत्रावळी आणि त्यांवरची लेबलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिशवीवर ‘१०० टक्के बायोडिग्रेडेबल’ छापलंय. म्हणजे ती कुजते ना?

नुसत्या त्या शब्दावरून काहीच कळत नाही. लाकूडही जैवविघटनशील आहे, पण जुन्या वाड्यांचे लाकडी खांब शंभर-दीडशे वर्षं तसेच उभे असतात, कारण ते कोरडे राहिले. तेच लाकूड ओल्या मातीत पडलं की काही पावसाळ्यांत भुसभुशीत होतं. कुजायला जीवाणू-बुरशी, ओल, ऊब आणि बहुतेक वेळा हवा लागते. म्हणून ‘कुजतं’ या दाव्याबरोबर लगेच विचारायचं: कुठे? किती दिवसांत? किती तापमानाला? आणि शेवटी काय उरतं? याची उत्तरं लेबलवर नसतील तर ते वाक्य अर्धवट सोडलेलं आहे, आणि अर्धवट वाक्यावर पैसे मोजू नयेत.

बायोडिग्रेडेबल आणि कंपोस्टेबल यांत फरक काय?

बायोडिग्रेडेबल म्हणजे सूक्ष्मजीव जे खाऊन पचवू शकतात ते. ही व्याख्या फार सैल आहे. कंपोस्टेबल हा त्यातलाच, पण अटींनी बांधलेला प्रकार: ठरावीक तापमानाला, ठरावीक मुदतीत, खताला अपाय न करता कुजलं पाहिजे. प्रत्येक कंपोस्टेबल वस्तू बायोडिग्रेडेबल असते. उलट मात्र खरं नाही. दुकानात दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

मक्यापासून किंवा उसापासून बनवलेलं प्लास्टिक आपोआप कुजतं का?

नाही. कशापासून बनलं आणि कुजतं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ब्राझीलमध्ये उसाच्या इथेनॉलपासून पॉलिइथिलीन बनवतात. मूळ शेतातलं, पण रेणू साध्या पॉलिथिनचाच, त्यामुळे कुजत नाही. याउलट पीबीएटी हे प्लास्टिक मुख्यतः खनिज तेलापासून बनतं, तरीही योग्य कंपोस्टमध्ये कुजतं. बाजारातल्या मऊ कंपोस्टेबल पिशव्या साधारणपणे पीबीएटीमध्ये स्टार्च किंवा पीएलए मिसळून केलेल्या असतात. पीएलए म्हणजे मका-उसाच्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल आणि त्यापासून केलेलं, एरवी कडक असणारं प्लास्टिक. पारदर्शक ‘मक्याचे’ ग्लास त्याचेच. तेव्हा पाकिटावरचं मक्याचं कणीस किंवा हिरवं पान पाहून काही ठरवू नका.

आयएस/आयएसओ १७०८८ हा आकडा असतो, तो काय सांगतो?

भारतात कंपोस्टेबल प्लास्टिकसाठी हेच मानक आहे. त्यातल्या चाचण्या चार बाजूंनी होतात.

पहिली, खरोखर पचतं का. वस्तू कंपोस्टमध्ये सुमारे ५८ अंश सेल्सिअसला ठेवतात आणि बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजतात. १८० दिवसांच्या आत वस्तूतल्या सेंद्रिय कार्बनपैकी किमान ९० टक्क्यांचं रूपांतर व्हावं लागतं. शंभर टक्के का नाही? कारण थोडा कार्बन जीवाणूंच्या स्वतःच्या शरीरात जातो, तो हवेत मोजता येत नाही.

दुसरी, तुकडे होतात का. १२ आठवड्यांनंतर कंपोस्ट २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात. मूळ कोरड्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त चाळणीवर राहिलं तर वस्तू नापास. या चाचणीत जाडी निर्णायक असते. एका जाडीची पिशवी पास झाली म्हणून त्याच मालाचा दुप्पट जाड चमचा पास होईलच असं नाही.

तिसरी, जड धातू मर्यादेत आहेत का. आणि चौथी, तयार खतात बी नीट उगवतं का, रोप नीट वाढतं का.

आता पहिल्या चाचणीतला ५८ हा आकडा पुन्हा बघा. पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्या एका आकड्यात आहेत.

मग ही पिशवी माझ्या बाल्कनीतल्या कंपोस्टच्या डब्यात कुजेल का?

मुदतीत कुजेल अशी आशा धरू नका. मोठ्या खत प्रकल्पात ढीग किमान एक मीटर लांब, रुंद, उंच असतो. जीवाणूंची ऊब आत कोंडते आणि ५५ ते ६५ अंश तापमान बरेच दिवस टिकतं. वीस-पन्नास लिटरच्या डब्यातली ऊब चहूबाजूंनी निघून जाते, तो बहुतेक काळ ३० ते ४५ अंशांतच राहतो. पीएलए साधारण ५५ ते ६० अंशांना मऊ होतं. त्याखाली त्याच्या लांब साखळ्या जखडलेल्या असतात, पाणी आत शिरून त्या तोडू शकत नाही, आणि साखळ्या आखूड झाल्याशिवाय जीवाणूंना त्या खाता येत नाहीत. म्हणून पीएलएचा ग्लास घरच्या डब्यातून वर्षभराने धुऊन काढावा तसा बाहेर येतो. स्टार्च जास्त असलेली पातळ पिशवी त्यापेक्षा बरी वागते, पण तिच्याही चिंध्या बराच काळ सापडतात.

घरच्या खतासाठी वेगळं प्रमाणपत्र असतं. ऑस्ट्रियाच्या ट्यूव्ह संस्थेचं ‘ओके कंपोस्ट होम’ हे सर्वांत जास्त दिसतं: २० ते ३० अंशांना ६ महिन्यांत तुकडे आणि १२ महिन्यांत ९० टक्के विघटन. परदेशात राहणाऱ्यांना ‘होम’ आणि ‘इंडस्ट्रियल’ असे दोन्ही शिक्के दुकानात दिसतील; डब्यात टाकायचं असेल तर ‘होम’च बघून घ्या. भारतातल्या नियमांत २०२४ साली झालेल्या दुरुस्तीनंतर कंपोस्टेबल मालावर ‘फक्त औद्योगिक कंपोस्टिंगमध्येच कंपोस्ट होतं’ अशा अर्थाची ओळ छापायची आहे. हा बदल फार मोलाचा आहे. ती ओळ वाचूनच पिशवी घ्या.

घरी स्वतः चाचणी करून बघता येईल का?

येईल, आणि अवश्य करा. पिशवीचा ५ बाय ५ सेंटिमीटरचा तुकडा कापा. बरोबर तेवढाच वर्तमानपत्राचा आणि तेवढाच दुधाच्या पिशवीचा तुकडा घ्या. तिन्ही तुकडे कांद्याच्या जाळीदार पिशवीच्या तीन वेगवेगळ्या पुरचुंड्यांत बांधा. बांधायला सुतळी घेऊ नका, ती कुजते. नायलॉनची दोरी बाहेर लोंबती ठेवा, म्हणजे शोधायला खत उकरावं लागत नाही. चालू असलेल्या डब्यात १० ते १५ सेंटिमीटर खोल पुरा. ओल इतकी हवी की मूठभर खत घट्ट दाबल्यावर एखाद-दोन थेंब यावेत. धार लागली तर जास्त, काहीच आलं नाही तर कमी. ३०, ९० आणि १८० दिवसांनी काढून बघा.

वर्तमानपत्र पहिल्या-दुसऱ्या तपासणीपर्यंत विरलं पाहिजे. तेही जसंच्या तसं असेल तर दोष पिशवीचा नाही, डब्याचा. बहुधा एप्रिल-मेमध्ये तो सुकला असेल, किंवा कोकोपीट-पालापाचोळाच जास्त आणि ओला कचरा कमी पडला असेल. दुधाच्या पिशवीचा तुकडा काही झालं तरी तसाच राहणार; तो तुलनेसाठी. तुमचा तुकडा या दोघांपैकी कुणासारखा वागतो ते पाहा. एक खबरदारी घ्या: तुकडा दिसेनासा झाला म्हणजे पचलाच असं नाही, त्याचा चुरा होऊन जाळीतून गळालेला असू शकतो. जाळीखालचं मूठभर खत पांढऱ्या ताटलीत पसरून उन्हात बघा. चमकणारे खवले दिसले तर उत्तर मिळालं.

दुकानात उभ्या-उभ्या खरी-खोटी पिशवी कशी ओळखायची?

आधी छपाई वाचा. उत्पादकाचं नाव, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रमाणपत्र क्रमांक आणि आयएस/आयएसओ १७०८८ हा उल्लेख हवा. कंपोस्टेबल पिशव्या बनवणाऱ्याने किंवा विकणाऱ्याने बाजारात आणण्याआधी मंडळाचं प्रमाणपत्र घेणं २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी बंधनकारक केलं आहे. प्रमाणित उत्पादकांची यादी मंडळाच्या संकेतस्थळावर मिळते. क्रमांक आणि नाव दोन्ही जुळतात का ते पाहा; दुसऱ्याचा क्रमांक छापून टाकणं अवघड नसतं. ‘इको’, ‘ग्रीन’, ‘अर्थ फ्रेंडली’ या शब्दांना काही वजन नाही.

घरी आणल्यावर पाण्याची चाचणी करा. वाडग्यात पाणी, त्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब. पिशवीचा सेंटिमीटरभर तुकडा बुडवून बोटाने चोळा, म्हणजे चिकटलेले हवेचे बुडबुडे सुटतील, आणि सोडून द्या. पॉलिथिनची घनता पाण्याहून कमी, साधारण ०.९१ ते ०.९६, तो वर येतो. पीबीएटी आणि पीएलएची घनता १.२ च्या पुढे. तो तळाशी जातो. तुकडा तरंगला तर ती पिशवी कंपोस्टेबल नाही, लेबल काहीही म्हणो. बुडाला तर मात्र लगेच खूश होऊ नका: स्वस्त पॉलिथिनमध्ये खडूची भुकटी भरपूर मिसळली तर तेही बुडतं. ही चाचणी खोटं पकडते, खऱ्याची खात्री देत नाही.

जाळून बघू नका. धूर नाकातोंडात जातो आणि त्यातून ठाम असं काही कळत नाही.

काही वर्षं माळ्यावर पडलेली पिशवी हातात घेतली की तिचा चुरा होतो. ती कुजली म्हणायची का?

नाही, आणि हा सगळ्यांत फसवा प्रकार आहे. अशी पिशवी उचलली की पापडासारखी मोडते, बोटांना चंदेरी-पांढरे खवले चिकटतात. यातल्या बऱ्याच पिशव्यांत कोबाल्ट, मँगनीज किंवा लोहाचे क्षार मिसळलेले असतात. त्यांना ऑक्सो-डिग्रेडेबल म्हणतात. ऊन आणि उष्णतेने हे क्षार पॉलिथिनच्या साखळ्या तोडतात. पिशवी दिसेनाशी होते, प्लास्टिक तिथेच राहतं, फक्त वेचता न येण्याइतकं बारीक होऊन. युरोपीय संघाने ३ जुलै २०२१ पासून ऑक्सो-डिग्रेडेबल वस्तूंवर बंदी घातली ती यामुळेच. विघटनानंतर सूक्ष्मप्लास्टिक उरता कामा नये, अशी अट भारतातल्या २०२४ च्या दुरुस्तीनेही बायोडिग्रेडेबल प्लास्टिकच्या व्याख्येतच घातली आहे. ‘ठरावीक महिन्यांत नाहीशी होते’ असं कुणी म्हणालं तर विचारा, नाहीशी होते की बारीक होते?

चहाचा कागदी कप तर कागदच असतो ना?

बहुतेक कपांच्या आतून पॉलिथिनचा पातळ थर असतो, वजनाने साधारण ५ टक्के. नाहीतर गरम चहाने कागद दोन मिनिटांत लिबलिबीत झाला असता. डोळ्यांनी बघायचं असेल तर वापरलेला कप शिवणीवर उसवा आणि रात्रभर कोमट पाण्यात भिजत ठेवा. सकाळी कागद अंगठ्याने चोळून काढा: लगदा निघून जातो आणि कपाच्या आकाराचा पारदर्शक पापुद्रा हातात उरतो. तो पापुद्रा घरच्या खतात कितीही वर्षं ठेवा, तसाच राहील. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० साली दाखवलं की अशा कपात १०० मिलिलिटर गरम पाणी १५ मिनिटं ठेवलं तर सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिककण त्यात उतरतात. काही कपांना पीएलएचा थर असतो. तो औद्योगिक कंपोस्टसाठी ठीक, घरच्या डब्यासाठी नाही. चहाला काच, स्टील किंवा मातीचा कुल्हड.

पत्रावळी, द्रोण आणि सुपारीच्या ताटल्यांचं काय?

इथे आपल्याकडे खरोखर चांगले पर्याय आहेत, पण भेसळही इथेच शिरली आहे.

पळसाच्या पानांची, काड्यांनी टाचलेली पत्रावळ निर्धास्त घ्या. फाडून ओल्या कचऱ्यात मिसळली की एक-दोन महिन्यांत खत. यंत्रावर दाबलेली चकचकीत पत्रावळ मात्र पालथी करून बघा: पानाखाली कागद-पुठ्ठा आणि मध्ये किंवा वरून प्लास्टिकची फिल्म असू शकते. कोपरा नखाने सोलला की लगेच कळतं. चंदेरी द्रोणांचा चकाकता थर हा धातूचा मुलामा दिलेला प्लास्टिकचा पापुद्रा असतो. तो ना खताचा, ना भंगाराचा.

पोफळीची, म्हणजे सुपारीच्या झाडाची, गळून पडलेली विरी (पानाच्या देठाचा रुंद, जाड भाग) धुऊन, भिजवून, गरम साच्यात दाबली की ताटली होते. गोंद लागत नाही, लेप लागत नाही. कोकणात हा कच्चा माल बागेत आपसूक पडतो. जाड असल्याने ती सावकाश कुजते. आधी भिजवून चार तुकडे करा, दोन-तीन महिने धरा. साठवताना कोरडी जागा हवी. पावसाळ्यात बुरशीचे काळे ठिपके आलेली ताटली जेवायला वापरू नका, थेट खतात टाका.

उसाच्या चिपाडाच्या पांढऱ्या ताटल्या चांगल्या कुजतात. विचारायचं ते लेपाबद्दल: तेल-रस्सा झिरपू नये म्हणून काही उत्पादक पीएफएएस गटातली फ्लोरिनयुक्त रसायनं वापरत आले आहेत आणि ती निसर्गात जवळजवळ तुटतच नाहीत. ताटली कुजली तरी ती खतात राहतात. अमेरिकेतल्या बीपीआय या प्रमाणन संस्थेने २०२० पासून एकूण फ्लोरिनवर १०० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत १०० भागांची, मर्यादा घातली. घाऊक खरेदी करणाऱ्या केटररने पुरवठादाराकडे फ्लोरिनचा चाचणी अहवाल मागावा.

दुकानात मिळते ती ‘कापडी’ पिशवी?

उजेडासमोर धरा. कापडाला उभे-आडवे धागे दिसतात. धागे न दिसता बारीक ठिपक्यांची दाबलेली नक्षी दिसली तर ते नॉन-वोव्हन पॉलिप्रोपिलीन, म्हणजे प्लास्टिकच. कुजत नाही. घरात आलीच असेल तर फाटेपर्यंत वापरा.

दुकानदार म्हणतो कायद्यात बसतं. खरं काय?

देशभरात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. कंपोस्टेबल प्लास्टिकच्या वस्तूंना त्यातून सूट आहे. ३१ डिसेंबर २०२२ पासून साध्या प्लास्टिक कॅरीबॅगची किमान जाडी १२० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) केली, तीही कंपोस्टेबलला लागू नाही. ही सूट मिळते म्हणूनच खोटी लेबलं छापली जातात.

महाराष्ट्राचा नियम केंद्राहून कडक आहे. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने जाडी न पाहता प्लास्टिक कॅरीबॅग बंद केल्या, त्यामुळे १२० मायक्रॉनचा दाखला इथे चालत नाही. दंड पहिल्या वेळी ५,०००, दुसऱ्या वेळी १०,००० आणि तिसऱ्या वेळी २५,००० रुपये व ३ महिन्यांपर्यंत कैद. २०२२ च्या अखेरीस राज्याने कप, ताटल्या, चमचे अशा कंपोस्टेबल वस्तूंना वाट दिली, पण सिपेट (प्लास्टिकची तपासणी करणारी केंद्र सरकारची संस्था) आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्या प्रमाणपत्राच्या अटीवर. विक्रेत्याने प्रमाणपत्राची प्रत आणि पक्कं बिल दुकानात ठेवावं. ‘पुरवठादार म्हणाला’ हे तपासणीत उपयोगी पडत नाही.

कंपोस्टेबल पिशवी ओल्या कचऱ्यात टाकायची की सुक्या?

तुमच्या घंटागाडीतला ओला कचरा पुढे कुठे जातो त्यावर ठरतं. सोसायटीच्या सचिवाने प्रभाग कार्यालयात एकदा विचारून घ्यावं. मोठ्या ढिगाचा खत प्रकल्प असेल आणि ते घेत असतील, तर ओल्यात. बायोगॅस प्रकल्प असेल तर नको: तिथे कचरा साधारण ३५ ते ३८ अंशांना वीस-तीस दिवसच राहतो, तेवढ्यात पिशवी पचत नाही आणि यंत्राच्या पात्यांना, ढवळणीला गुंडाळून बसते. शिवाय ओला कचरा वेगळा करणाऱ्या बाईंना चिखलात माखलेली पिशवी साधी की कंपोस्टेबल हे ओळखता येत नाही. त्या दोन्ही काढून टाकतात, आणि बरोबरच करतात.

सुक्यातही तिला जागा नाही. भंगारात तिला भाव नाही, आणि पॉलिथिनच्या पुनर्वापरात मिसळली तर त्यातून बनणारा प्लास्टिकचा दाणा बिघडतो. पीएलएची बाटली पेटच्या बाटल्यांत शिरली तर आणखी वाईट: पेट वितळायला २५० अंशांच्या पुढे जावं लागतं, पीएलए १५० ते १८० च्या दरम्यानच वितळून चिकटतं, पिवळं पडतं आणि घाण्याचा घाणा वाया जातो.

सोपा मार्ग: ओला कचरा पिशवीविना बादलीत. तळाशी वर्तमानपत्राची दोन पानं घाला; बादलीला कचरा चिकटत नाही आणि कागद खतातही चालतो.

निदान नदी-समुद्रात गेली तर साध्या पिशवीपेक्षा बरी?

फारशी नाही. समुद्रात ५८ अंश नाहीत आणि कंपोस्टइतके जीवाणूही नाहीत; पीएलए तिथे वर्षानुवर्षं टिकतं. डंपिंग ग्राउंडच्या पोटात हवा नसते, तिथे जे कुजतं त्यातून मिथेन निघतो. आणि १८० दिवसांत कुजणारी पिशवीसुद्धा एका रात्रीच्या पावसात नाला तुंबवते. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरानंतर पिशव्यांचा प्रश्न ऐरणीवर आला तो तुंबलेल्या नाल्यांमुळे. गाईच्या पोटात गेलेल्या पिशवीलाही लेबलाने काही फरक पडत नाही.

‘बायो’ मल्चिंग पेपर (पिकाच्या वाफ्यावर अंथरायची पातळ फिल्म) शेतात गाडून टाकला तर चालतो का?

विक्रेत्याकडे जमिनीत कुजण्याचं प्रमाणपत्र असेल तरच. कंपोस्टचं मानक इथे लागू होत नाही, कारण शेतात ऊब कमी. युरोपचं ईएन १७०३३ हे मानक मल्चिंगसाठी आहे: मातीत, २० ते २८ अंशांना, २ वर्षांत ९० टक्के विघटन. म्हणजे खऱ्या मालालाही दोन वर्षं लागू शकतात. टोमॅटो-मिरचीनंतर लगेच दुसरं पीक घेणार असाल तर मातीत तुकडे दिसतील, त्याने घाबरू नका. दुसरी अडचण: मातीत दाबलेली कड आधी कुजते, फाटते आणि वाऱ्याने पेपर उचलला जातो. कड चांगली १० ते १५ सेंटिमीटर दाबा आणि पिकाच्या कालावधीएवढा टिकणारा प्रकार मागा.

प्रमाणपत्र नसेल तर तो साधा किंवा ऑक्सो पेपर समजा आणि कधीही रोटर (माती भुसभुशीत करणारं ट्रॅक्टरचं अवजार) मारू नका. रोटरने त्याचे हजार तुकडे झाले की ते पुन्हा वेचता येत नाहीत. जमीन वाफशावर असताना कड मोकळी करून पूर्ण लांबी गुंडाळत काढा. कोरड्या, कडक जमिनीतून ओढला की तो फाटतोच.

बायोडिग्रेडेबल सॅनिटरी पॅड खतात टाकता येतात का?

घरच्या खतात नाही. वरचा थर सुती किंवा बांबूचा असला तरी आत बऱ्याचदा द्रव शोषणारी भुकटी असते, जी सहज कुजत नाही, आणि खालचा थर औद्योगिक तापमान मागतो. शिवाय घरच्या डब्याची ऊब रक्तातले रोगजंतू मारायला पुरेशी नसते. वर्तमानपत्रात गुंडाळून, पुण्यात रूढ झालेली लाल ठिपक्याची खूण करून वेगळं द्या, म्हणजे कचरा वेचणाऱ्या हातांना न उघडता कळतं.

पिशव्या आणून ठेवल्या आणि काही महिन्यांत फाटायला लागल्या. माल खराब होता का?

बहुधा साठवण चुकली. खऱ्या कंपोस्टेबल पिशवीचं आयुष्य साधारण ६ ते १२ महिने. ओल आणि उष्णता तिला कपाटातच तोडायला लागते. पत्र्याच्या शेडमध्ये, उन्हाच्या भिंतीला लागून किंवा सिंकखाली गठ्ठे ठेवू नका. मूळ पाकीट बंद, सावलीत, जमिनीपासून वर. चार महिन्यांत संपेल एवढाच माल घ्या, जुना आधी वापरा, पाकिटावर आणल्याची तारीख पेनने लिहा. गरम वरण-भात किंवा वाफाळतं काही यात बांधू नका, तळ सुटतो. ओला कचरा भरलाच तर पाणी निथळून भरा आणि त्याच दिवशी बाहेर काढा. दुसऱ्या दिवशी उचलताना पिशवी बुडातून फाटते.